सातासमुद्रापलीकडची करंजी

बटाटा हा शब्द मराठीत कुठून आला असं कुणी विचारलं, तर आम्ही सरळ सांगतो, कॅरिबियन समुद्रातून आला. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, आम्ही थट्टा करतोय. पण गोष्ट खरी आहे. कोलंबस ज्या बेटांवर उतरला, तिथल्या तैनो लोकांच्या बोलीत रताळ्याला बटाटा म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांनी त्यांच्याकडून घेतला आणि आपल्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर आणून टाकला. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला एक कंदही त्याच नावाखाली आला. आपण त्या कंदाला आणि त्याच्या नावाला असं घरात घेतलं की आज उपासाला बटाटा, लग्नाच्या पंगतीत बटाटा, नियाजच्या बिर्याणीत बटाटा आणि वडापावात तर बटाटाच बटाटा. त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू मूळचा कुठला?

उत्तरेकडच्या लोकांनी मात्र त्याच कंदाला आलू म्हटलं. आणि हा आलू पुढे एकोणिसाव्या शतकात गंगाकाठच्या मजुरांच्या तोंडून त्याच कॅरिबियन समुद्रात जाऊन पोहोचला. तिथे ट्रिनिदाद नावाच्या बेटावर आज बाजारात, शाळेच्या फाटकाबाहेर, कचेरीच्या कोपऱ्यावर जो तळलेला पदार्थ लोक उभ्याउभ्या खातात त्याचं नाव आहे ‘आलू पाय’. म्हणजे त्यांचा बटाटा आपल्याकडे आला आणि आपला आलू त्यांच्याकडे गेला. शब्दांची अशी फिट्टंफाट क्वचितच झाली असेल!

आलू पाय हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं तेव्हा मोठा गोंधळ झाला होता. आमचे मोठे चाचा जहाजावर भंडारी होते. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं गाव. तिथे एका पिढीत घरटी एक माणूस तरी बोटीवर असायचा. कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी भंडारी. चाचा दहा महिने दर्यावर आणि दोन महिने घरी. घरी आले की ओसरीवर बसून जगभरच्या बंदरांची खबर सांगायचे. भंडारी असल्यामुळे प्रत्येक बंदराची त्यांची आठवण खाण्यातून सुरू व्हायची. १९९० च्या दशकात एका फेरीत त्यांची बोट ट्रिनिदादच्या पॉइंट लिसास बंदरात युरिया भरायला लागली होती. त्या फेरीहून आल्यावर ते म्हणाले, “तिकडे मी आलू पाय खाल्ला.”

चाचीने विचारलं, “बकऱ्याचा की बैलाचा?”

आता आपल्या घरांत पाय म्हटलं की पायाच डोळ्यांसमोर येणार. रात्रभर मंद आचेवर शिजलेला, सकाळी पावाबरोबर खायचा. त्यात बटाटा घालणाऱ्या मुलखाबद्दल चाचीचं मत तिथल्या तिथे वाईट झालं. चाचांनी समजावलं की हा पाय म्हणजे इंग्रजी शब्द, भरलेल्या पुरीसारखी वस्तू. “आपली करंजी समज. पण लांब. आणि आत नारळाच्या जागी बटाटा.” तेव्हापासून आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव ‘चाचांची करंजी’ असं पडलं ते आजतागायत.

वाचकहो, हा पदार्थ आहे तरी कसा ते आधी सांगतो. मैद्यात थोडं मीठ आणि बेकिंग पावडर घालून सैलसर पीठ मळतात आणि झाकून ठेवतात. बटाटे उकडून कुस्करतात. त्यात लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तिथली झणझणीत मिरची आणि ‘शॅडो बेनी’ नावाची एक रानटी पानांची भाजी बारीक चिरून घालतात. ही पानं लांबट असतात, पण वास थेट कोथिंबिरीचा. तिथले जुने लोक तिला ‘बनधनिया’ म्हणतात, वनातली धने-कोथिंबीर. पिठाची लाटी थापून आत सारण भरायचं, अर्धचंद्र दुमडायचा, कडा दाबायच्या, मग हाताने हलकेच ओढून लांब करायचा आणि गरम तेलात सोडायचा. तो टम्म फुगतो. समोशासारखा कुरकुरीत होत नाही, मऊ राहतो. खाणारा उभा असतो. विकणारी बाई सुरीने त्याच्या पोटाला एक चीर देते आणि आत हरभऱ्याची रस्सेदार उसळ, चिंचेची चटणी, किसलेल्या कैरीचं ‘कुचेला’ नावाचं लोणचं आणि मिरचीचा ठेचा भरते. मिरची किती, एवढंच विचारते. कागदात गुंडाळून हातात देते. खाताना रस कोपरापर्यंत ओघळला नाही तर पैसे वाया गेले म्हणायचं.

हा समोशाचाच नातलग हे सांगायला नको. आणि समोसा काही आपल्या वाड्यात जन्मलेला नाही. इराण-अरबस्तानाकडचा हा ‘संबूसक’ खिमा, बदाम, पिस्ता आणि कांदा घेऊन आला. चौदाव्या शतकात इब्न बतूता मुहम्मद बिन तुघलकाच्या दिल्लीत होता. दरबारच्या खान्याचं वर्णन करताना त्याने या संबूसकाची नोंद केली आहे. त्या काळी आपल्या देशात बटाटा नव्हताच. अमेरिकेतून कंद आला, मिरची आली आणि संबूसकाच्या पोटातला खिमा गरिबाच्या घरी निघून त्या जागी बटाटा बसला. म्हणजे हा पदार्थ आधी मुसाफिर, त्याच्या पोटातला बटाटा दुसरा मुसाफिर, आणि दोघांना घेऊन पुढे अर्ध्या जगाचा दर्या ओलांडणारी माणसं तिसरी.

ही माणसं कोण होती? इंग्रजांच्या वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ पर्यंत आफ्रिकेतून आणलेले गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले. मोकळा झालेला माणूस ज्या मळ्यात चाबूक खाल्ला त्याच मळ्यात कशाला राबेल? उसाचे मळे ओस पडू लागले. मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. पाच वर्षांचा करार, म्हणजे ॲग्रीमेंट. आमच्या लोकांच्या जिभेवर त्याचं झालं ‘गिरमिट’ आणि करारावर गेलेला तो गिरमिटिया. अवध आणि बिहारच्या गावांतून, दुष्काळाने, कर्जाने, घरच्या भांडणाने बाहेर पडलेली माणसं दलालांच्या हाती लागली आणि कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढली. काही मद्रासकडूनही गेली. १९१७ साली ही भरती बंद झाली तोपर्यंत एकट्या ट्रिनिदादला १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं गेली होती. बहुतेक हिंदू, थोडे मुसलमान. आपल्या मराठी मुलखातून मुंबई बंदरमार्गे जी माणसं गेली ती मॉरिशसच्या मळ्यांत गेली. तिथे मराठी बोलणारे त्यांचे वंशज आजही आहेत. ट्रिनिदादला गेलेले आपल्यापैकी नव्हते. पण मळा तोच होता, ऊस तोच होता.

ट्रिनिदादला गेलेल्या पहिल्या जहाजाचं नाव आम्ही जेव्हा वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला. जहाजाचं नाव ‘फत्ह-अल-रज्जाक’. तिथले लोक त्याला ‘फातेल रझाक’ म्हणतात. १६ फेब्रुवारी १८४५ रोजी ते कलकत्त्याहून निघालं आणि ३० मे १८४५ रोजी ट्रिनिदादला लागलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं त्यात होती. मुंबईच्या इब्राहिम बिन युसूफ नावाच्या एका मुस्लिम व्यापाऱ्यासाठी हे जहाज बांधलं गेलं होतं असं सांगितलं जातं. रज्जाक हे अल्लाहच्या नावांपैकी एक. रिज्क देणारा, रोजी-रोटी देणारा. भुकेने घर सोडलेल्या माणसांना नेणाऱ्या जहाजावर रोटी देणाऱ्याचं नाव असावं! जहाजाला नाव देणाऱ्याच्या मनात हे असेल असं नाही. जहाजाचं नाव बरकतीसाठीच ठेवतात. आमच्या गावच्या मचव्यांची नावंही अशीच असायची.

या माणसांबरोबर काय गेलं? गाठोडं, एक-दोन भांडी, कुणाची पोथी, कुणाचं कुरआन शरीफ, आणि जिभेवरची चव. आता पुढची गोष्ट लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. तीन-चार पिढ्यांत त्यांची भाषा जवळजवळ गेली. मळ्यावरची भोजपुरी नातवंडांना येईनाशी झाली. उर्दू मशिदीत आणि मौलूदच्या कितीबांत उरली. नातवंडं इंग्रजीच्या स्थानिक बोलीत बोलू लागली. रफीची गाणी त्यांना तोंडपाठ असतात, पण अर्थ विचारला तर हसतात. मात्र स्वयंपाकघराचा उंबरठा भाषेने सोडला नाही. तिथे जिरं आजही ‘गीरा’ आहे, हरभरा ‘चन्ना’ आहे, डाळ डाळ आहे, पालेभाजी ‘भाजी’ आहे. हिंदू घरांत बापाच्या आईला ‘आजी’च म्हणतात. आपल्या मराठीसारखंच! अळूची पानं वाटलेल्या डाळीत गुंडाळून, उकडून, तळून ‘सहीना’ करतात. ती आपली अळूवडी नाही असं कुठल्या मराठी माणसाने म्हणून दाखवावं. ईदच्या सकाळी मुस्लिम घरांत दुधातल्या शेवया होतात. त्यांचं नाव ‘सवईन’. शीरखुर्म्याची ही दूरची बहीण.

ताबूतही गेले. मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात, हुसेन या नावावरून. बांबू आणि रंगीत कागदाचे ताबूत बांधतात, ढोल-ताशा वाजतो. आपल्या कोकणात आणि देशावर जसे ताबुतांना हिंदू खांदा देत आले, तसे तिथेही देत आले. आफ्रिकी वंशाचे लोकही ढोल वाजवायला येत. मळ्यांवरचे सगळे मजूर एका मिरवणुकीत एकत्र येतात हे इंग्रज सरकारला रुचेना. १८८४ साली सरकारने मिरवणुकांना शहरात यायला बंदी केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर ताबूत घेऊन निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. कित्येक माणसं मेली. मेलेल्यांत हिंदूही होते. इतकं होऊनही पुढच्या वर्षी ताबूत उठलेच. सेंट जेम्स भागात ते आजही उठतात.

आलू पायचा सख्खा शेजारी ‘डबल्स’. त्याची कुळकथा मात्र अगदी आपल्या मामूची आहे. दक्षिण ट्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउन गावात इमामुल दीन नावाचा माणूस हरभरे विकायचा. लोक त्याला ‘मामू दीन’ म्हणत. १९३६ साली त्याने आणि त्याच्या बायकोने, रसूलनने, मऊ तळलेल्या बऱ्यावर हरभऱ्याची उसळ घालून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं म्हणायची, बरा एक नको, दोन दे, डबल कर. त्यावरून नाव पडलं डबल्स. आज त्या देशात काळा, गोरा, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, मंत्री आणि हमाल सकाळी एकाच गाडीपुढे रांगेत उभे असतात ते या मामूच्या वस्तूसाठी. २०११ च्या जनगणनेत तिथे मुसलमान सुमारे ५ टक्के. पण त्या देशाची न्याहारी एका मुसलमान जोडप्याच्या हातची, आणि याचं कुणाला नवल वाटत नाही. त्याच देशात नूर हसनअली नावाचे न्यायाधीश १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष होते. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत राष्ट्रप्रमुख झालेले ते पहिले मुसलमान.

आता चाचांकडे वळतो. पॉइंट लिसासला बोट आठ-दहा दिवस थांबली होती. बंदराच्या फाटकाबाहेर एक बाई आलू पाय विकायच्या. डोक्यावर ओढणी बघून चाचांनी सलाम केला. बाईंनी सलामाला जवाब दिला. चाचांना इंग्रजी बोटीपुरतं यायचं, बाईंना उर्दू नमाजापुरती. तरी रोज संध्याकाळी गप्पा व्हायच्या. कशा व्हायच्या ते अल्लाह जाणे. भंडाऱ्याला भंडारीण भेटली की भाषा लागत नाही असं चाचा म्हणायचे आणि चाची नाक मुरडायची.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी बाईंनी घरून एक कागद आणला. त्यांच्या पणजोबांच्या परवान्याची नक्कल. गिरमिटियांना जहाजावर चढवताना सरकार असा परवाना करायचं. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव. बाईंनी बोट ठेवून विचारलं, हे गाव कुठे आहे, तुम्ही हिंदुस्थानातून आलात, तुम्हाला ठाऊक असेल. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने असं लिहिलं होतं की लागेना. जिल्ह्याचं नाव लागलं, ‘बस्ती’.

चाचा गप्प झाले. त्यांना वाटलं, बस्ती म्हणजे वस्ती. कुठलीही वस्ती. कारकुनाने विचारलं असेल, कुठून आलास, आणि त्या बिचाऱ्याने सांगितलं असेल, बस्तीतून आलो. आता त्या कागदावरून कुठलं गाव शोधायचं? चाचांनी बाईंना तसं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “घरी गेल्यावर विचारून कळवतो.” बाईंनी आपला पत्ता लिहून दिला.

मुंबईला उतरल्यावर चाचा टॅक्सीत बसले. टॅक्सीवाला भय्या. सवयीप्रमाणे विचारलं, कुठले? तो म्हणाला, “बस्ती जिला, यूपी.” चाचांनी टॅक्सी बाजूला घ्यायला लावली आणि त्याच्याकडून सगळं विचारून घेतलं. बस्ती खरोखरच एक जिल्हा आहे, गोरखपूरच्या शेजारी. तिथून पुष्कळ माणसं मिरिच देशात, म्हणजे मॉरिशसला आणि तिकडच्या टापूंवर गेली, असं त्याची आजी सांगायची.

गावी आल्यावर चाचांनी आम्हा भावंडांना बसवलं आणि पत्र लिहायला सांगितलं. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पत्र लिहिलं. तुमचं बस्ती उत्तर प्रदेशात आहे, नकाशात इथे आहे, बाजूने घाघरा नदी वाहते. वहीच्या पानावर नकाशा काढून बस्तीवर लाल शाईचा ठिपका दिला. खाली स्वतःहून दुसरा एक ठिपका दिला, दाभोळच्या खाडीवर, आणि लिहिलं, आम्ही इथे राहतो. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात ईद मुबारक होतं, नकाशा चौकटीत घालून भिंतीवर लावलाय असं होतं, आणि दोन पानं भरून आलू पायची कृती होती. ‘गीरा’ आणि ‘चन्ना’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत वाचून आमची लहान बहीण खो-खो हसली होती. इंग्रजी पत्रात हे आपले पाहुणे कुठून आले म्हणून!

त्या पत्रावरून चाचांनी रमजानात इफ्तारीला पहिल्यांदा आलू पाय केले. शॅडो बेनीच्या जागी कोथिंबीर, हरभऱ्याच्या उसळीला चाचीच्या वाटणाचा मसाला. ताट मोहल्ल्यात फिरलं. शेजारच्या भाटकरांच्या काकूंकडेही गेलं. काकू म्हणाल्या, “बटाट्याची करंजी होय? चतुर्थीला आम्ही करतो तिच्यात नारळ. ही तिखट बरी लागते हो!” वाटणी झाली, तिथेच विषय संपला. पदार्थ कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. तेल तापलेलं होतं आणि मगरीबची वेळ भरत आली होती.

अशी सवड पुढे लोकांना मिळाली. काही वर्षांपूर्वी आमची भाची पुण्यात नोकरीला लागली आणि खोली शोधत होती. एका घरमालकाने नाव ऐकलं आणि कौतुकाने म्हणाला, “तुम्ही मराठी फार छान बोलता. मूळच्या कुठल्या?” ती म्हणाली, “रत्नागिरी जिल्हा.” तो म्हणाला, “ते झालं हो. त्याआधीच्या?” भाचीला काही सुचेना. त्याआधी काय सांगायचं? आजीच्या आजीची कबर खाडीच्या काठी आहे. तिच्या तोंडातली शिवीसुद्धा कोकणी होती. खोली मिळाली नाही हे वेगळं. पण ‘त्याआधीच्या?’ हा शब्द ती घरी घेऊन आली आणि आमच्या जेवणात तो खड्यासारखा लागला.

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर चर्चा पेटली, तेव्हा आमच्याही घरात पेट्या उघडल्या गेल्या. त्या हिवाळ्यात मुस्लिम मोहल्ल्यांत कुणाच्या घरी पेटी उघडली नाही ते सांगा! सात-बारा, शाळेचे दाखले, आजोबांचं मतदार यादीतलं नाव. चाचा तोवर अल्लाहला प्यारे झाले होते. त्यांची पत्र्याची पेटी चाचीने कुलूप लावून ठेवली होती, ती उघडली. जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक निघालं, त्यावर पंधरा-वीस बंदरांचे शिक्के. जुना पासपोर्ट निघाला. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रिनिदादचं ते पत्र. कृतीच्या पानावर तेलाचा मोठा डाग पडला होता. गीरा आणि चन्ना त्या डागात विरघळले होते.

भाचीने ते पत्र हातात घेतलं. आम्ही तिला सगळी हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या बाईंकडे कागद होता, त्यावर गावही होतं, पण गाव कुठे आहे ते माहीत नव्हतं. आपल्याला गाव माहीत आहे, आपण गावातच बसलोय, आणि आपण कागद शोधतोय.”

यावर आम्हाला बोलण्यासारखं काही उरलं नाही. चाची मात्र म्हणाली, “हा कागद कचेरीत चालतो का?” तेवढ्यात सगळे हसले. रडण्यापेक्षा बरं.

मूळ विचारणं वाईट नाही, असं आम्हाला वाटतं. टॅक्सीत बसल्यावर चाचाही विचारायचे, कुठले? ट्रिनिदादच्या त्या बाईसुद्धा मूळच शोधत होत्या. पण विचारण्याचे दोन प्रकार आहेत. एक, ज्यात उत्तर मिळालं की माणूस जवळ येतो. गाव कळलं की पाहुणचाराची गोष्ट निघते, नाती निघतात. दुसरा, ज्यात कुठलंही उत्तर दिलं तरी पुढे आणखी एक ‘त्याआधी’ असतं. या दुसऱ्या प्रकारात बटाटासुद्धा टिकणार नाही. मिरची टिकणार नाही. समोसा तर दारातच अडवला जाईल.

ट्रिनिदादवाल्यांनाही हे सगळं फुकट मिळालेलं नाही. मळ्यावरून शहरात डबा घेऊन गेलेल्या पोरांना शाळेत त्यांच्या रोटीवरून चिडवत. कुली म्हणत. खाण्याची लाज वाटावी असे दिवस त्यांनी पाहिले. आज ३० मे हा दिवस तिथे ‘इंडियन अरायव्हल डे’ म्हणून सार्वजनिक सुट्टीचा आहे. ईद-उल-फित्रला सुट्टी आहे, दिवाळीलाही आहे. ज्या उसासाठी त्यांना नेलं, तो ऊस मात्र उरला नाही. कॅरोनी ही तिथली सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली आणि हजारो कामगार घरी बसले. दीडशे वर्षं ज्या पिकाने माणसं गिळली ते पीक गेलं. त्याच मजुरांच्या बायकांनी चुलीवर जे तळलं ते राहिलं. दक्षिणेकडे डेबे नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याच्या कडेला आलू पाय, सहीना, फुलौरी, कचौरीची दुकानं रांगेने लागलेली असतात आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाहून लोक गाडी काढून खायला जातात.

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आमच्या आधीच्या पिढीला क्रिकेटमुळे माहीत होतं. १९७१ च्या मार्च महिन्यात वाडेकरांच्या संघाने तिथे वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. सरदेसाई, गावसकर खेळले, आणि सलीम दुराणीने सोबर्स आणि लॉइड या दोघांना बाद केलं. गावातल्या हॉटेलात त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट होता असं चाचा सांगायचे. दुराणीचा जन्म काबूलचा, असं त्या दिवशी तिथे कुणीतरी म्हणालं. हॉटेलवाला म्हणाला, “असू दे. विकेट कुणाची काढली ते सांग.”

चाचीचे हात आता थरथरतात. आलू पाय आता भाची करते. तिला नोकरीच्या गावी अखेर खोली मिळाली. घरमालकीण वयस्कर आहेत, नाव-गाव विचारून झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की गॅस सिलिंडर स्वतःचा आहे ना. पहिल्या रमजानात भाचीने त्यांना ताट दिलं. त्यांनी विचारलं, “हे काय गं?” तिने सांगितलं, “आमच्याकडची करंजी.” त्याआधीचं काही सांगितलं नाही. जरूर पडली नाही.

येत्या रमजानात तुम्हीही करून बघा. चार माणसांना अर्धा किलो बटाटे आणि तेवढाच मैदा पुरे होतो. पीठ सैल ठेवा आणि निदान अर्धा तास झाकून ठेवा. जिरं कोरडंच भाजा, करपू देऊ नका. कडा नीट दाबा, नाहीतर सारण तेलात उतरतं. आणि शेजारी द्यायचे असतील तर ते आधी तळून बाजूला काढा, कारण अजान झाल्यावर ताटात काही उरत नाही.